नोराला सही खोटी का करावी लागली?

उत्तरवारा

ओस्लोत राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. मुलगी यंदा शाळेत इब्सेनचं 'डॉल्स हाउस' वाचतेय. मागे एकदा जेवताना तिनं विचारलं, "आई, नोराला पैसे हवे होते तर तिनं सरळ स्वतःच्या नावावर कर्ज का नाही काढलं?" मी "तेव्हा बायकांना मिळत नसे गं" म्हणून वेळ मारून नेली. पण उत्तर अर्धंच आहे हे मला टोचत राहिलं. गेले काही आठवडे जमेल तसं वाचतेय, ते इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

नाटक डिसेंबर १८७९ चं. आधी पुस्तक म्हणून कोपनहेगनला छापून आलं आणि त्याच महिन्यात, २१ तारखेला, तिथल्या रॉयल थिएटरात पहिला प्रयोग झाला. नवरा आजारी पडलाय, दक्षिणेकडच्या उबदार हवेत नेलं तरच वाचेल असं डॉक्टर सांगतात. नोरा त्याला न सांगता १२०० स्पेसीडालर (तिथलं जुनं चलन) कर्ज काढते. सावकाराला जामीन म्हणून तिच्या वडिलांची सही हवी असते. वडील मरणाच्या दारात, त्यांना त्रास कसा द्यायचा, म्हणून ती स्वतःच त्यांची सही करते. तारीख घालते २ ऑक्टोबर, आणि वडील तर २९ सप्टेंबरलाच गेलेले असतात. पुढचं सगळं नाटक या तीन दिवसांच्या फरकावर उभं आहे.

सुरुवातीलाच तिची मैत्रीण एक वाक्य सहज बोलून जाते: नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही. आज नाटक बघताना ते कानावरून जातं. तेव्हाच्या प्रेक्षकाला मात्र तो रोजच्या जगण्यातला कायदा होता. लग्न झालेली बाई कायद्याच्या नजरेत अज्ञान, म्हणजे लहान मुलासारखी. तिचा वाली नवरा.

मला खरा धक्का पुढे बसला. नोरा लग्न न केलेली असती, तर तिला कुणाची परवानगी लागली नसती! अविवाहित बाई पंचविसाव्या वर्षी सज्ञान होईल असा कायदा डेन्मार्कने १८५७ साली केला, नॉर्वे आणि स्वीडनने १८६३ साली. (नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाखाली होता, पण संसद आणि कायदे त्याचे स्वतःचे.) म्हणजे नाटक आलं तेव्हा सव्वीस वर्षांची एकटी शिक्षिका स्वतःच्या नावावर व्यवहार करू शकत होती, आणि तीन मुलांची आई करू शकत नव्हती. विवाहितेला हा हक्क नॉर्वेत मिळाला १८८८ मध्ये, डेन्मार्कमध्ये १८९९ मध्ये आणि स्वीडनमध्ये थेट १९२१ मध्ये.

आपण समजतो सुधारणा हळूहळू सगळ्यांपर्यंत झिरपते. इथे तर एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी लग्न न झालेली मोकळी झाली आणि लग्न झालेली पुढची पंचवीस ते अठ्ठावन्न वर्षं अडकून राहिली. हे असं का झालं, यावर बोलूया का?

कायदेकानू

फार चांगला विषय, उत्तरवाराताई. 'अज्ञान' हा शब्द तुम्ही नेमका वापरलात. आपल्याकडे जुन्या सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहिलेलं असतं: अज्ञान, पालनकर्ता अमुक. तिथे बाईच्या नावापुढे तसा शेरा जन्मभर, असं डोळ्यांसमोर आणलं की हा कायदा कळतो. तिची जमीन असू शकते, पण विकायची, गहाण टाकायची, भाड्याने द्यायची तर पालनकर्त्याची सही.

एक विचारायचं होतं. विधवांचं काय?

उत्तरवारा

विधवा सज्ञान! तिन्ही देशांत. नवऱ्याचा छापखाना, दुकान, पेढी ती चालवू शकायची, कोर्टात उभी राहू शकायची. दुसरं लग्न केलं की पुन्हा वालीखाली. व्यवहारात पुरेपूर हुशार ठरलेली बाई चर्चमधून बाहेर पडते ती अज्ञान होऊन. यावरून कळतं की बाईची अक्कल कमी म्हणून हा कायदा होता, ही नुसती वरवरची सबब होती. घरात एकच धनी हवा, हे त्याचं मूळ.

ओलीमाती

वाचतेय. फ्रेड्रिका ब्रेमरबद्दल कुणीतरी लिहा ना. नाव ऐकलंय, बाकी काही माहिती नाही.

उत्तरवारा

ब्रेमरवर मी कितीही लिहू शकते, कारण या सगळ्या वाचनात मला सगळ्यात जवळची वाटली ती हीच.

जन्म १८०१, फिनलंडमध्ये, वाढली स्टॉकहोमजवळ. श्रीमंत घर, कडक बाप. मुलींनी फ्रेंच शिकावं, पियानो वाजवावा, घराबाहेर पडू नये. १८२८ मध्ये तिनं निनावी पुस्तक छापलं, गोरगरिबांना मदत करायला पैसे हवेत म्हणून. पुस्तक खपलं. पुढे ती स्वीडनची सगळ्यात जास्त वाचली जाणारी कादंबरीकार झाली, इंग्लंड-अमेरिकेत तिची भाषांतरं गाजली. १८३० मध्ये वडील वारले आणि कायद्याने पालकत्व भावाकडे गेलं. भावाने घरचा पैसा उधळला. स्वतः कमावणारी, देशभर नाव असलेली लेखिका, आणि तिच्या पैशावर हक्क त्या भावाचा! शेवटी १८४० मध्ये तिनं स्वतःसाठी आणि बहिणीसाठी थेट राजाकडे अर्ज केला, आम्हाला भावाच्या पालकत्वातून सोडवा म्हणून. राजाने तो मंजूर केला.

मोठ्या घरच्या बाईला ही पळवाट होती, बाकीच्यांना नव्हती. ब्रेमर इथेच थांबली असती तर तिचं नाव आज कुणी घेतलं नसतं. पण १८४९ ते ५१ अशी दोन वर्षं ती अमेरिकेत एकटी फिरली, शाळा, तुरुंग, गुलामांची वस्ती सगळं पाहिलं, आणि परत आल्यावर १८५६ मध्ये 'हेर्था' लिहिली. त्यातली नायिका प्रौढ झाली तरी बापाच्या हुकमाखाली आहे, लग्नही त्याच्या परवानगीवाचून करता येत नाही. पुस्तकाच्या शेवटी ब्रेमरने बायकांच्या सज्ञानपणाच्या कोर्टातल्या खऱ्या प्रकरणांची हकिकत जोडली, कुणी 'ही कल्पना आहे' म्हणू नये म्हणून.

टीका भरपूर झाली. पण दोनच वर्षांनी, १८५८ मध्ये, स्वीडनच्या संसदेने कायदा केला: पंचविशी ओलांडलेली अविवाहित स्त्री कोर्टात अर्ज करून सज्ञान होऊ शकते. १८६३ मध्ये अर्जाचीही गरज उरली नाही. १८५८ चा कायदा झाला तेव्हा ब्रेमर देशातच नव्हती. स्वित्झर्लंड, इटली, पॅलेस्टाईन, ग्रीस असा पाच वर्षांचा प्रवास चालू होता. १८६५ च्या शेवटच्या दिवशी ती गेली. तिच्या नावाची संघटना १८८४ मध्ये निघाली, ती अजून चालू आहे.

पाटीपेन्सिल

मी मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं, म्हणून या विषयाकडे पोटापाण्याच्या बाजूने बघते. उत्तरवारा, तुमच्या 'का' या प्रश्नाचं माझ्या मते उत्तर असं आहे.

शतकाच्या मध्यावर मध्यमवर्गीय घरांत लग्न न झालेल्या मुली खूप होत्या. पूर्वी घरात सूत काता, विणा, मेणबत्त्या करा, लोणी काढा, अशी कामं होती, त्यात अविवाहित बहीण, आत्या, मावशी खपून जात. कारखान्यातलं कापड आणि बाजारातल्या वस्तू आल्या तशी ती कामं गेली. पुरुष अमेरिकेला जाऊ लागले. मग या बायकांना पोसणार कोण? ओझं हलकं करायचं तर त्यांना कमावू द्यायला हवं, आणि कमवायचं तर सही करता यायला हवी. म्हणून १८५७ मध्ये डेन्मार्कने एकाच सुमारास अविवाहितेला सज्ञान केलं, वारसा हक्क समान केला आणि धंद्याचे जुने निर्बंध उठवणारा कायदाही केला. स्वीडनमध्ये मुलींना वारशात समान वाटा १८४५ मध्येच मिळाला होता. त्याआधी तिथल्या खेड्यांत भावाच्या निम्मा वाटा बहिणीचा, शहरात मात्र समान, असा मध्ययुगापासूनचा भेद होता. नॉर्वेने १८५४ मध्ये समान वाटा दिला.

विवाहितेला पोसायला नवरा आहे, सरकारवर तिचा भार नाही. मग तिच्यासाठी घाई कुणाला असणार? मनाला लागतं, पण मला हेच खरं वाटतं.

त्यातही नोकऱ्या कोणत्या मिळाल्या बघा. शाळा आणि तारखातं (टेलिग्राफ). शाळा नव्याने गावोगाव निघत होत्या, शिक्षक हवे होते आणि बाई कमी पगारात मिळत होती. स्टॉकहोमला १८६१ मध्ये सरकारने शिक्षिकांसाठी उच्च प्रशिक्षण विद्यालय काढलं, त्यातून निघालेल्या मुलींनी पुढची चळवळ चालवली.

तारखात्यात गेलेल्या दोघींची नावं मला आवर्जून सांगायची आहेत. डेन्मार्कची मथिल्डे फिबिगर हिने विशीतच, १८५० च्या शेवटी, पत्रांच्या रूपात एक छोटी कादंबरी छापली. बाईला स्वतःची बुद्धी आणि स्वतःचं काम असावं, एवढंच तिचं म्हणणं. कोपनहेगनमध्ये गदारोळ झाला, वर्तमानपत्रांत महिनोन्महिने वाद. नंतर तिनं शिवणकाम आणि भाषांतरं करून दिवस काढले आणि १८६६ मध्ये हेल्सिंगोरला ती देशातली पहिली महिला तारमास्तर झाली. पुढे एका गावच्या तारघराची प्रमुखही झाली. सहकाऱ्यांनी तिला सुखाने काम करू दिलं नाही. १८७२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षापूर्वीच, ती गेली.

दुसरी स्वीडनची एलफ्रिडा आंद्रे. हिला चर्चमधला ऑर्गन वाजवायचा होता. परीक्षा पास, तरी बाईला ते पद नाही. बाप-लेकीने अर्जांमागून अर्ज केले, कायदा बदलून घेतला. तारखात्याचं दारही तिनंच बायकांसाठी उघडून घेतलं. १८६७ मध्ये ती गोथेनबर्गच्या मुख्य चर्चची ऑर्गनवादक झाली आणि १९२९ मध्ये मरेपर्यंत त्या जागेवर राहिली. बासष्ट वर्षं!

जुनीपेटी

धागा उत्तम, पण माझी तक्रार आहे. आतापर्यंत आलेली प्रत्येक बाई शिकलेली, चांगल्या घरातली. ज्या बाईकडे विकायला जमीन नाही आणि बँकेत ठेवायला पैसा नाही, तिला सज्ञान झाल्याचा काय उपयोग? शेतावर राबणारी मोलकरीण, कोळीण, गिरणीतली पोर, यांच्याबद्दल इथे एक ओळ नाही. 'सुधारणा' म्हटलं की वाड्यावरच्या बायकांची गोष्ट सांगायची, ही सवय आपल्याकडेही आहे.

उत्तरवारा

तक्रार मान्य आहे, जुनीपेटी. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं, कारण ती जागा माझ्या घरापासून फार लांब नाही.

ओस्लोला तेव्हा क्रिस्तियानिया म्हणत. शहराच्या पूर्वेला ब्रून आणि ग्रोनवोल्ड हे काडेपेटीचे दोन कारखाने होते. काम बहुतेक बायकांचं आणि कोवळ्या मुलींचं. काड्यांच्या गुलाला पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफेने आधी दात दुखायचा, मग हिरडी सुजायची, मग जबड्याचं हाड आतून कुजायचं. चेहरा विद्रूप व्हायचा, काही जणी त्यातच जायच्या. ऑक्टोबर १८८९ मध्ये मालकांनी आधीच तुटपुंजी असलेली मजुरी आणखी कमी केली आणि जवळपास चारशे बायका कामावरून उठून बाहेर आल्या. मागे संघटना नव्हती, शिल्लक नव्हती. रस्त्यावरून मोर्चा निघाला, शहर बघत राहिलं. ब्यॉर्नसनसारखा देशातला सगळ्यात मोठा लेखक त्यांच्या बाजूने उभा राहिला, लोकांनी वर्गण्या दिल्या. संपाच्या सुरुवातीच्या दिवसांतच त्यांनी स्वतःची युनियन काढली, नॉर्वेतली बायकांची पहिली कामगार संघटना.

संप फसला. मागण्या मान्य न होताच हिवाळ्यात त्या कामावर परतल्या. पण उच्चवर्गीय स्त्री-चळवळीने जे बोललंच नव्हतं, ते या पोरींमुळे वर्तमानपत्रांत छापून आलं: मजुरी, कामाचे तास, आणि कारखान्यात शरीराचं काय होतं. जीना क्रोग यांनी हागबार्ड बर्नर यांच्यासोबत काढलेली नॉर्वेची स्त्री-हक्क संघटना तेव्हा पाच वर्षांची होती. तिचा भर शिक्षण आणि मालमत्तेवर. दोन्ही चळवळी पुढे बरीच वर्षं वेगवेगळ्या वाटेने गेल्या. त्यामुळे तुमचं म्हणणं मी खोडत नाही.

तिसरीघंटा

मराठी रंगभूमीशी याचा सरळ धागा आहे, तो कुणीच कसा काढला नाही?

१८८० च्या दशकात स्कँडिनेव्हियात मोठा वाद पेटला, नीतिमत्तेचा. मुलीने लग्नापर्यंत शुद्ध राहावं आणि मुलाने मात्र हवं तसं वागावं, हे चालेल का? ब्यॉर्नसनने १८८३ मध्ये या प्रश्नावर नाटक लिहिलं, 'एन हान्स्के', म्हणजे हातमोजा. नायिका स्वावा. साखरपुडा झाल्यावर तिला कळतं की होणाऱ्या नवऱ्याचे आधी एका बाईशी संबंध होते. घरचे सांगतात, पुरुष असेच असतात. ती हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. जी अट मला, तीच तुला, एवढंच तिचं मागणं.

याच्या उलट बाजूला तरुण बंडखोर लेखक होते. त्यांचं म्हणणं, मुलांवर बंधनं कशाला वाढवता, मुलींवरची काढा. ब्यॉर्नसनने १८८७-८८ मध्ये एकपत्नीत्वावर गावोगाव व्याख्यानं दिली, तिन्ही देशांत सभागृहं भरली. मी स्वतः स्वावाच्या बाजूची. तेव्हा शहरात पोलिसांच्या देखरेखीखाली वेश्याव्यवसाय चालायचा. डॉक्टरी तपासणी फक्त बाईची, गिऱ्हाईकाची नाही. दुटप्पीपणा असा सरकारी वहीत नोंदवलेला होता. क्रिस्तियानियात ही पद्धत १८८८ मध्ये मोडली, डेन्मार्कमध्ये १९०६ मध्ये, स्वीडनमध्ये १९१८ मध्ये.

आता मराठी धागा. हेच ब्यॉर्नसनचं नाटक श्री. वि. वर्तकांनी मराठीत आणलं, ते 'आंधळ्यांची शाळा'! 'नाट्यमन्वंतर'ने १९३३ मध्ये मुंबईत केलं. केशवराव दाते, ज्योत्स्ना भोळे त्यात होते. आपल्याकडे या नाटकाची आठवण निघते ती खऱ्याखुऱ्या दिवाणखान्यासारखं नेपथ्य, बायकांच्या भूमिकेत बायका आणि मोजकी भावगीतं यासाठी. ते सगळं बरोबरच. पण ज्या प्रश्नासाठी मूळ नाटक लिहिलं गेलं, त्याबद्दल नाट्य-इतिहासाच्या तासाला मला कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीचा नॉर्वेतला वाद मुंबईत चालला, कारण तो प्रश्न मुंबईतल्या घरांतही बसलेला होता.

ओलीमाती

तिसरीघंटा, हे माहीतच नव्हतं! माझी आजी 'आंधळ्यांची शाळा'तली गाणी गुणगुणायची.

कायदेकानू

मालमत्तेबद्दल थोडी भर. विवाहितेचा प्रश्न तीन तुकड्यांत सुटला: आधी तिची स्वतःची कमाई, मग तिची मालमत्ता, मग ती स्वतः. स्वीडनमध्ये १८७३ साली आना हिएर्टा-रेट्झियस आणि एलेन आंकर्सव्हेर्ड या दोघींनी नेमक्या याच कामासाठी संघटना काढली, आणि पुढच्याच वर्षी विवाहितेच्या कमाईवर तिचा ताबा मान्य झाला. डेन्मार्कमध्ये हे १८८० मध्ये झालं. मतदानाचंही तसंच. स्वीडनमध्ये १८६२ पासून कर भरणारी अविवाहित बाई आणि विधवा नगरपालिकेला मत देऊ शकत होती. लग्न केलं की मत गेलं.

नॉर्वेत १८८४ साली विवाहितेला वेगळी मालमत्ता ठेवता यावी म्हणून संसदेकडे अर्ज गेला. त्यावर इब्सेन, ब्यॉर्नसन, योनास ली आणि किलान्ड या चौघा लेखकांच्या सह्या होत्या. चार वर्षांनी कायदा झाला. तेव्हा 'नाटकाने कायदे बदलत नाहीत' असं कुणी म्हणालं, तर या सह्या दाखवायच्या.

पाटीपेन्सिल

पण तोच इब्सेन १८९८ मध्ये स्त्री-हक्क संघटनेच्या मेजवानीत म्हणाला होता की मी जाणूनबुजून या चळवळीसाठी लिहिलेलं नाही, मला तो माणसांचा प्रश्न वाटला.

कायदेकानू

म्हणाला खरं. सही मात्र केली होती, आणि कायद्याला सही लागते.

ओलीमाती

नोरा खरी होती का? कुठेतरी वाचलं होतं.

उत्तरवारा

होती. लॉरा कीलर तिचं नाव. इब्सेनच्या ओळखीची, स्वतः लेखिका. तो तिला लाडाने चंडोल म्हणायचा, आणि नाटकात नोराला नवरा नेमकं तेच म्हणतो. लॉराच्या नवऱ्याला क्षय झाला. तिनं त्याला न सांगता कर्ज काढून इटलीला नेलं आणि तो बरा झाला. कर्ज फेडायला ती घाईघाईने पुस्तकं लिहीत होती. १८७८ मध्ये तिनं एक हस्तलिखित इब्सेनला पाठवलं, प्रकाशकाकडे शब्द टाका म्हणून. त्याने नकार दिला. नवऱ्याला सगळं सांग, असा सल्ला दिला. तिनं ते हस्तलिखित जाळलं आणि खोटा कागद केला. तो पकडला गेला. ज्याचा जीव वाचवला, त्या नवऱ्याने तिला मुलांपासून तोडलं आणि वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. सुमारे महिनाभर ती तिथे होती.

पुढच्याच वर्षी नाटक आलं. नोरा दार ओढून घेऊन बाहेर पडते. लॉराला तसं दार नव्हतं. ती मुलांसाठी त्याच घरात परत गेली. नंतर तिनं पुष्कळ लिहिलं, १९३२ पर्यंत जगली, आणि जन्मभर लोक तिला नोरा म्हणत राहिले. त्याचा तिला शेवटपर्यंत त्रास झाला.

काल रात्री मुलीला हे सगळं सांगितलं. तिनं निबंधाची सुरुवात बदलली आहे, आता ती नोराने होत नाही, लॉराने होते. निबंध सोमवारी द्यायचाय. ब्रेमरचा राजाकडचा अर्जही तिला त्यात घालायचाय, पण शब्दमर्यादा आठशे आहे, म्हणून अजून वाद चालू आहे आमचा.